सामायिक पात्र आणि स्वतंत्र पात्र : चिनी व पाश्चात्त्य भोजनाचाराच्या तुलनेतील एक गृहीतक

चिनी आणि पाश्चात्त्य संस्कृतींची तुलना करू लागलेला अभ्यासक पहिला मुक्काम बहुधा जेवणाच्या टेबलापाशीच करतो. चिनी माणूस मध्यभागी ठेवलेल्या सामायिक पात्रांतून जेवतो. पाश्चात्त्य माणूस आपल्यापुढील स्वतंत्र ताटलीतून जेवतो. म्हणून पहिला समूहनिष्ठ व दुसरा व्यक्तिनिष्ठ, एवढा निष्कर्ष दोन वाक्यांत हाती येतो. पुढे त्याच निष्कर्षाच्या आधारे कुटुंबसंस्था, राज्यसंस्था, व्यापारातील वाटाघाटी आणि साहित्यातील व्यक्तिचित्रण या सर्वांची उपपत्ती लावली जाते. हे विवेचन सुटसुटीत आहे. व्याख्यानात ते उठून दिसते आणि प्रबंधिकेच्या पहिल्या प्रकरणात सहज सामावते. तथापि ते कितपत खरे आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

या गृहीतकात दोन स्वतंत्र विधाने एकत्र गुंफलेली आहेत. सामायिक पात्र ही चीनची व स्वतंत्र पात्र ही पश्चिमेची मूळची व अढळ रीत होय, हे पहिले विधान. भोजनपात्राच्या रचनेवरून भोजन करणाऱ्याच्या स्वभावाचा निर्णय करता येतो, हे दुसरे. पहिले इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. दुसरे तर्काच्या कसोटीला उतरत नाही. मात्र ही दोन्ही बाजूला सारल्यावरही या दोन भोजनपरंपरांत भेद उरतोच, आणि खरा अभ्यासविषय तोच आहे.

१

प्रथम या मताचे उत्तम प्रतिपादन कोणी केले आहे ते पाहणे न्याय्य होईल. नॉर्बर्ट एलियास यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या जर्मन ग्रंथात युरोपातील शिष्टाचाराच्या घडणीचा इतिहास मांडला. टेबलावरील सुरीचा वापर उत्तरोत्तर कसा मर्यादित होत गेला हे दाखवीत असताना त्यांनी चीनचा ओझरता उल्लेख केला आहे. चीनमध्ये सुरी फार पूर्वीच टेबलावरून नाहीशी झाली; तेथील वरिष्ठ वर्ग योद्ध्यांचा नसून विद्वान अधिकाऱ्यांचा होता, याच्याशी या गोष्टीचा संबंध असावा, असे ते सुचवितात. रोलाँ बार्थ यांनी १९७० मध्ये जपानवर लिहिलेल्या पुस्तकात जेवणाच्या काड्यांची महती गायिली. काडी टोचत नाही, कापीत नाही; ती निवडते व उचलते; उलट काटा आणि सुरी ही शिकाऱ्याची हत्यारे आहेत, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे.

एलियास यांचा सर्व भर युरोपातील आचार सतत बदलत आले यावर आहे. त्याच ग्रंथात चीन मात्र काही ओळींपुरता येतो आणि त्या ओळींत तो स्थिर उभा असतो. बार्थ यांचे पुस्तक तर प्रत्यक्ष जपानचा इतिहास सांगण्याचा दावाच करीत नाही. परंतु त्यातील विरोधन्यास पुढील लेखकांनी काड्या वापरणाऱ्या सर्व देशांना लागू केला. अशा रीतीने पश्चिमेच्या वाट्याला इतिहास येतो व पूर्वेच्या वाट्याला स्वभाव येतो. तुलनात्मक अभ्यासातील हा पंक्तिप्रपंच लक्षात घेण्याजोगा आहे.

याच्या तुलनेत पुरातत्त्ववेत्ते के. सी. चांग यांनी १९७७ मध्ये संपादित केलेला चिनी आहारविषयक ग्रंथ अधिक सावध आहे. चिनी जेवणाचे 'फान' व 'त्साई' असे दोन घटक त्यांनी मुख्य मानले. 'फान' म्हणजे भात वा इतर धान्यान्न, आणि 'त्साई' म्हणजे त्याच्या जोडीचे भाजी, मांस, मासळी इत्यादी पदार्थ. येथे एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आजच्या चिनी घरात 'त्साई' सामायिक असते, परंतु 'फान'चा वाडगा ज्याचा त्याचा असतो. जेवणाचा जो भाग पोट भरतो तो स्वतंत्र, आणि जो चव आणतो तो सामायिक. म्हणजे ज्या टेबलाला सरसकट सामायिक म्हटले जाते, त्याच टेबलावर दोन्ही तत्त्वे एकत्र नांदत आहेत.

२

आता इतिहासाकडे वळावे. प्राचीन चीनमध्ये उंच टेबल व खुर्ची नव्हती. लोक जमिनीवर अंथरलेल्या चटईवर बसत आणि प्रतिष्ठितांच्या भोजनात प्रत्येकापुढे चौरंगासारखी ठेंगणी मांडणी किंवा तबक ठेवले जाई. हान काळातील थडग्यांमधील कोरीव विटा व भित्तिचित्रे यांतून अशी भोजनदृश्ये आढळतात. उत्तर हान घराण्याच्या इतिहासात मंग क्वांग नावाच्या पत्नीची कथा आहे. ती पतीपुढे जेवणाचे तबक ठेवताना ते भुवयांच्या उंचीपर्यंत उचलून धरी. दांपत्यातील परस्पर आदराचा वाक्प्रचार म्हणून ही कथा चिनी भाषेत रूढ झाली. परंतु आचाराच्या अभ्यासकाला तीतून दुसरेही काही कळते. उचलून आणण्याइतके ते तबक लहान व एकट्यासाठी होते.

याहून बोलका पुरावा सीमा च्येन यांच्या 'शि ची' या इतिहासग्रंथात आहे. छी राज्यातील मंग-छांग या सरदाराच्या आश्रयाला असंख्य पाहुणे असत. एके रात्री भोजनसमयी कोणीतरी दिव्याच्या आड आले व उजेड अडला. यजमानाचे अन्न आपल्याहून सरस असले पाहिजे, असा एका पाहुण्याचा ग्रह झाला आणि तो रागाने जेवण टाकून निघाला. मंग-छांग स्वतः उठला आणि आपले अन्न हातात घेऊन त्याने ते पाहुण्याच्या अन्नाशी ताडून दाखविले. दोन्ही सारखीच होती. लज्जित झालेल्या पाहुण्याने स्वतःचा गळा कापून घेतला. पात्र सामायिक असते तर हा संशय उत्पन्नच होऊ शकला नसता. या कथेतील सारा ताण स्वतंत्र पात्रामुळे निर्माण झाला आहे.

त्याच ग्रंथातील इ. स. पूर्व २०६ मधील हुंग-मन येथील मेजवानीचा प्रसंग प्रसिद्ध आहे. कोणी कोणत्या दिशेस तोंड करून बसले होते याची नोंद सीमा च्येन यांनी काटेकोरपणे केली आहे. श्यांग यू पूर्वाभिमुख, त्याचा सल्लागार दक्षिणाभिमुख आणि ल्यू पांग उत्तराभिमुख बसला होता. सत्तेचा क्रम आसनाच्या दिशेतून व्यक्त होतो. याच प्रसंगी ल्यू पांगचा अंगरक्षक फान ख्वाई आत घुसतो, त्याच्यापुढे डुकराचा कच्चा फरा टाकला जातो, आणि तो आपली ढाल जमिनीवर पालथी घालून, त्यावर मांस ठेवून, तलवारीने कापून खातो. चिनी भोजनातून शस्त्र हद्दपार झाले होते असे म्हणताना हे दृश्य विसरता येत नाही. मात्र त्याचा अर्थही नीट लावला पाहिजे. ते दृश्य आश्चर्यकारक म्हणूनच सांगितले गेले आहे. सभ्य भोजनाची मर्यादा ओलांडणारा वीर म्हणून फान ख्वाई तेथे उभा आहे. म्हणजे एलियास यांच्या निरीक्षणात तथ्य आहे, पण ते घडत गेलेल्या मर्यादेचे तथ्य आहे, वंशस्वभावाचे नव्हे.

'ली ची' या आचारग्रंथातील नियम तर या चित्रात आणखी एक रेषा ओढतात. भाताचा गोळा करू नये, उचललेली मासळी वा मांस पुन्हा पात्रात ठेवू नये, कुत्र्यांना हाडे टाकू नयेत, ज्वारी-बाजरीसारखे धान्यान्न काड्यांनी खाऊ नये, असे ते नियम आहेत. एकाच पात्रातून धान्यान्न घेताना हातांविषयी दक्षता घ्यावी, असाही एक नियम त्यांत आहे. यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. धान्यान्न हाताने खाण्याची चाल होती. काड्यांचे क्षेत्र मर्यादित होते. आणि प्रतिष्ठितांच्या मेजवानीत स्वतंत्र तबके असली, तरी एका पात्रातून खाण्याचे प्रसंगही येत होते. प्राचीन चीनमध्ये केवळ स्वतंत्र पात्रच होते असे म्हणणे हीदेखील उलट दिशेने केलेली अतिशयोक्तीच ठरेल.

मग सामायिक टेबल आले केव्हा? याचे उत्तर बऱ्याच अंशी सुताराच्या हाती आहे. घडीचे आसन हान काळाच्या अखेरीस उत्तरेकडील लोकांकडून चीनमध्ये आले. थांग काळापासून सुंग काळापर्यंत, म्हणजे सुमारे सातव्या ते तेराव्या शतकांच्या दरम्यान, उंच खुर्ची आणि उंच टेबल यांचा प्रसार होत गेला. टेबल उंच व रुंद झाले तशी अनेकांनी त्याच्याभोवती बसण्याची सोय झाली. कू हुंग-चुंग या दहाव्या शतकातील चित्रकाराच्या नावावर असलेल्या, हान शी-त्साय याच्या रात्रोत्सवाच्या चित्रपटात हे संक्रमण पाहावयास मिळते. उपलब्ध प्रत नंतरची, सुंग काळातील मानली जाते. तीत पाहुणे उंच आसनांवर बसले आहेत, परंतु पदार्थ अद्याप वेगवेगळे मांडलेले दिसतात. आसन बदलले आहे, रीत अजून मागे रेंगाळत आहे. बाराव्या शतकातील खायफंगच्या नगरवर्णनात मात्र गजबजलेली भोजनगृहे आहेत. शहर, बाजार, नवी लाकडी मांडणी आणि पदार्थांची विपुलता या सर्वांनी मिळून सामायिक टेबल घडविले, असे दिसते.

३

युरोपचा इतिहास जवळजवळ आरशातील प्रतिबिंबासारखा आहे. मध्ययुगीन युरोपात पदार्थ मोठ्या सामायिक थाळ्यांत येत. ताटलीच्या जागी शिळ्या पावाची जाड चकती असे आणि पुष्कळदा दोघांत मिळून एकच असे. पेलाही हातोहात फिरे. इरॅस्मस यांनी १५३० मध्ये मुलांच्या शिष्टाचारावर लिहिलेल्या लॅटिन पुस्तिकेत जे उपदेश आहेत ते सामायिक थाळी गृहीत धरूनच केलेले आहेत. थाळीत हात घालण्यात पहिला नंबर लावू नये, दोन्ही हात बुडवू नयेत, तीन बोटांनी घ्यावे, बोटे चाटू नयेत किंवा अंगरख्याला पुसू नयेत. चावलेला घास पुन्हा थाळीत ठेवण्याचा निषेध युरोपातील शिष्टाचारग्रंथांत पुनःपुन्हा येतो. 'ली ची'मधील नियमाशी याचे साम्य उघड आहे. या दोन निषेधांमध्ये दीड हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे आणि परस्परप्रभावाचा काही पुरावा नाही. सामायिक पात्र आले की सारखीच अडचण येते, आणि सारखीच अडचण आली की सारखाच नियम सुचतो.

काट्याचा प्रवेशही सावकाश झाला. इंग्रज प्रवासी टॉमस कोरियट याने १६११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात इटालियन लोक मांस कापताना काटा वापरतात, याचे नवल नोंदविले आहे. सर्वांची बोटे सारखीच स्वच्छ नसतात, हे त्यामागील कारण त्याने दिले. त्याने स्वतः ती सवय इंग्लंडमध्ये नेली तेव्हा त्याची थट्टा झाली. हाच कोरियट पुढे पायी हिंदुस्थानात आला आणि १६१७ मध्ये सुरत येथे मरण पावला. म्हणजे मोगल दरबाराशी इंग्रजांचा परिचय होऊ लागला त्या काळात खुद्द इंग्लंडात काटा ही टिंगलीची वस्तू होती.

याहून महत्त्वाची गोष्ट वाढण्याच्या पद्धतीची आहे. अठराव्या शतकापर्यंत प्रतिष्ठित युरोपीय मेजवानीत 'फ्रेंच पद्धत' रूढ होती. एका फेरीचे सर्व पदार्थ एकाच वेळी टेबलावर समतोल रचनेत मांडले जात. पाहुणे हाताशी असलेल्या थाळीतून स्वतः घेत आणि शेजाऱ्यालाही वाढीत. पदार्थ बाजूच्या टेबलावर कापून, एकामागून एक, प्रत्येकाला वेगळे वाढण्याची 'रशियन पद्धत' पॅरिस व लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकात स्थिरावली. आज जिला पश्चिमेची सनातन रीत म्हटले जाते, ती अशा रीतीने जेमतेम दोन शतकांची आहे. ती शक्य होण्यास भरपूर नोकरवर्ग, भरपूर चिनी मातीची भांडी व कारखान्यांतून निघणारे काटेचमचे लागत होते. व्यक्तिस्वातंत्र्याचे तत्त्वज्ञान त्या टेबलावर अवश्य येऊन बसले असेल, पण टेबल मांडले ते धनिकांच्या नोकरांनी.

४

गृहीतकाचे दुसरे विधान तर्काचे आहे : स्वतंत्र पात्र म्हणजे स्वतंत्र व्यक्ती. याला सर्वांत जवळचे प्रत्युत्तर मराठी वाचकाच्या अनुभवातच आहे. महाराष्ट्रातील पंगतीत प्रत्येकाचे पान स्वतंत्र असते, आणि ते कोणी दुसऱ्याशी वाटून घेत नाही. परंतु कोणी कोणाच्या पंक्तीस बसावे, कोणी वाढावे, कोणी आधी व कोणी मागून जेवावे, हे ठरविण्याचा अधिकार परंपरेने जात, कुळ आणि वय यांचा होता. पानावर बसलेल्या व्यक्तीचा नव्हे. स्वतंत्र पान येथे व्यक्तीच्या स्वातंत्र्याचे नव्हे, तर सोवळेपणाचे चिन्ह होते. 'उष्टे' या शब्दामागे जी शुद्धाशुद्धतेची कल्पना आहे, ती इरॅस्मसच्या सभ्यतेत नाही आणि 'ली ची'च्या मर्यादेतही नाही. म्हणून मराठी अभ्यासकाने दुहेरी सावधगिरी बाळगली पाहिजे. सामायिक चिनी पात्राकडे पाहताना त्याच्या मनात नकळत उष्ट्याचा विचार येतो, आणि पाश्चात्त्य ताटलीकडे पाहताना पंगतीच्या पानाचा भास होतो. दोन्ही साम्ये फसवी आहेत.

जॅक गुडी यांनी १९८२ मधील आपल्या ग्रंथात या प्रश्नाला निराळे वळण दिले. पश्चिम आफ्रिकेतील समाजांशी तुलना करता चीन, हिंदुस्थान व युरोप हे एकाच बाजूला पडतात, असे त्यांनी दाखविले. नांगराची शेती, लेखनकला आणि वर्गभेद यांमुळे या सर्व ठिकाणी वरिष्ठांचा स्वयंपाक व सामान्यांचा स्वयंपाक असे दोन प्रकार निर्माण झाले. पूर्व आणि पश्चिम यांतील अंतरापेक्षा वाडा आणि झोपडी यांतील अंतर कित्येकदा अधिक बोधप्रद असते.

५

हे अंतर साहित्यात फार स्पष्टपणे दिसते. त्साव श्युए-छिन यांच्या 'हुंग लौ मंग' (लाल प्रासादाचे स्वप्न) या अठराव्या शतकातील कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणात पोरकी लिन ताइ-यू आजोळच्या वैभवसंपन्न घरी प्रथमच जेवते. घरच्या सुना उभ्या राहून वाढीत आहेत. कोणी बोलत नाही. जेवण होताच चहा येतो. ताइ-यूच्या माहेरी जेवणानंतर काही वेळ गेल्यावरच चहा घेण्याची रीत होती. ती काही न बोलता इतरांकडे पाहते, आणि पहिला चहा चूळ भरण्यासाठी आहे हे ओळखून तसेच करते. चाळिसाव्या प्रकरणात खेड्यातून आलेल्या ल्यू आजीच्या हाती मुद्दाम जड, सोन्याने मढविलेल्या हस्तिदंती काड्या दिल्या जातात. कबुतराचे अंडे त्यांतून निसटते आणि सारा महाल हसतो.

याच्या शेजारी दोन इंग्रजी कादंबऱ्या ठेवाव्यात. डिकन्स यांच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' (१८६१) मध्ये लोहाराच्या घरी वाढलेल्या पिपला हर्बर्ट गप्पांच्या ओघात हळूच सुचवितो की लंडनमध्ये सुरी तोंडात घालण्याची चाल नाही. एलिझाबेथ गॅस्केल यांच्या 'क्रॅनफर्ड' (१८५३) मध्ये जुन्या वळणाच्या होलब्रुक यांच्या घरी पाहुण्या स्त्रियांपुढे दोन दातांचे काटे येतात. वाटाणे त्यांवर ठरत नाहीत. एक एकेक वाटाणा टोचते, दुसरी ते तसेच सोडते, आणि निवेदिका यजमानाकडे पाहून रुंद सुरीने वाटाणे तोंडात लोटते. याच प्रसंगी होलब्रुक सांगतात की, त्यांच्या वडिलांच्या काळी आधी रस्सा, मग त्यात शिजलेला पिठाचा गोळा आणि शेवटी मांस असा क्रम होता. आता मात्र लोक गोड पदार्थांनीच सुरुवात करतात व जेवण उलटेपालटे करून टाकतात. एका पिढीत इंग्लंडातील जेवणाचा क्रम उलटला होता.

ताइ-यू आणि 'क्रॅनफर्ड'ची निवेदिका एकच गोष्ट करतात : पाहतात व अनुकरण करतात. ल्यू आजी आणि पिप यांना एकच गोष्ट जाणवते : आचार म्हणजे प्रवेशाचा परवाना. परंतु या प्रसंगांतील फरकही तितकाच खरा आहे. इंग्रजी प्रसंगांत कसोटी हाताची आहे. कोणते हत्यार कसे धरावे यावर पाहुण्याची परीक्षा होते. चिनी कादंबरीत काड्यांचा विनोद आहे खरा, पण ताइ-यूची परीक्षा संबंधांची आहे. कोणी बसावे, कोणी उभे राहावे, केव्हा बोलावे, केव्हा गप्प राहावे.

त्याच चाळिसाव्या प्रकरणात एक लहानसा प्रसंग आहे व तो या चर्चेत निर्णायक मानावा लागेल. बाहेरचे पाहुणे नसल्याने नेहमीच्या टेबलांभोवती न बसता प्रत्येकापुढे एक उंच तिवई, आवडीचे एकदोन पदार्थ, खाऊचा कप्प्यांचा डबा व मद्याची स्वतंत्र झारी ठेवावी, म्हणजे काही वेगळेपण येईल, असे तरुण पाव-यू सुचवितो. सर्वांना ती कल्पना आवडते. हान काळातील नित्याची रीत अठराव्या शतकात नावीन्य म्हणून परत येते. मात्र तिवया मांडल्या जातात तेव्हा आजी व मावशी यांच्यासाठी दोन मंचक आणि चार तिवया, वांग बाईंसाठी एक खुर्ची आणि दोन तिवया, आणि इतरांसाठी एकेक, असा क्रम ठरतो. पात्र स्वतंत्र झाले, पण ज्येष्ठताक्रम मोडला नाही. सामायिक पात्र हे चिनी समाजरचनेचे मूळ असते, तर ते काढून घेताच ती रचना ढासळावयास हवी होती.

६

तेव्हा खरा भेद कोठे शोधावा? एक भेद कापण्याच्या जागेत आहे. मांस नीट कापलेले नसेल तर कन्फ्यूशियस ते खात नसत, असे त्यांच्या वचनसंग्रहात नमूद आहे. आणि सज्जनाने स्वयंपाकघरापासून दूर राहावे असे मेन्शियस यांनी म्हटले आहे. कापण्याचे काम टेबलाआड गेले आणि टेबलावर फक्त घासाजोगे तुकडे आले. युरोपात मात्र भाजलेला मोठा मांसखंड टेबलावर येई व तो कापणे हा यजमानाचा मान असे. दुसरा भेद आतिथ्याच्या क्रियेत आहे. चिनी यजमान उत्तम तुकडा काड्यांनी उचलून पाहुण्याच्या वाडग्यात ठेवतो. पाश्चात्त्य यजमान पाहुण्याची निवड विचारतो. पहिल्यात पाहुण्याच्या आवडीचा अंदाज करणे हा आदर आहे. दुसऱ्यात ती विचारणे हा आदर आहे. हे भेद पात्राच्या संख्येपेक्षा अधिक खोल आहेत, पण तेही इतिहासाने घडविलेले आहेत.

या चर्चेला व्यवहारातही महत्त्व आहे. १९१०-११ च्या मांचुरियातील प्लेगशी झुंज दिलेले पिनांगचे वैद्य वू ल्येन-तेह यांनी सामायिक भोजनातील संसर्गाचा प्रश्न गंभीरपणे हाताळला आणि १९१५ मध्ये टेबलाच्या मध्यभागी फिरणाऱ्या तबकाचा पुरस्कार केला. वाढण्यासाठी निराळ्या काड्या असाव्यात, असा आग्रह २००३ च्या सार्सच्या साथीनंतर व पुन्हा २०२० मध्ये चीनमध्ये धरला गेला. आपले लोक बदलणार नाहीत, अशी निराशा वू यांनी केली नाही. त्यांनी टेबलावरील एक वस्तू बदलली. याउलट साथीच्या काळात परकीयांकडून, आणि कधी स्वकीयांकडूनही, एका समाजाच्या जेवणाच्या रीतीवर स्वभावदोषाचा आरोप केला जातो, तेव्हा त्या आरोपाचे शास्त्रीय वस्त्र वरील गृहीतकानेच विणलेले असते. सवय बदलता येते. स्वभाव ठरविला की केवळ दोष देता येतो.

तुलनात्मक अभ्यासाने म्हणूनच दोन स्थिर चित्रे समोरासमोर टांगण्याचा मोह आवरला पाहिजे. चीनने स्वतंत्र तबकाकडून सामायिक टेबलाकडे आणि युरोपने सामायिक थाळीकडून स्वतंत्र ताटलीकडे प्रवास केला. हे दोन प्रवासी वाटेत कोठेतरी एकमेकांच्या बाजूने गेले असावेत. त्यांना केवळ आजच्या मुक्कामावरून ओळखू पाहणारा अभ्यासक त्यांची वाट पाहत नाही, आणि वाट न पाहता केलेली तुलना ही तुलना नसून दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवणे होय.